बिल्ला नंबर दोन

विमानाला दोन पंख लागतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यातला एक डावा आणि एक उजवा असावा लागतो, हे मला सव्वा महिना खपल्यावर कळलं, आणि तेही सासूबाईंकडून.

झालं असं, की नकाशात फक्त डावाच पंख काढलेला होता. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'उजवा याच्या उलट करावा' असं लिहिलं होतं. आता मी विमा कंपनीत आहे. लोकांनी खालची बारीक अक्षरं वाचली नाहीत म्हणून त्यांचे दावे नाकारणं, हे बावीस वर्षं माझं काम आहे. तरीही मी ती अक्षरं वाचली नाहीत. पहिला पंख इतका देखणा झाला की त्याच नकाशावर, त्याच उत्साहात मी दुसराही करून टाकला आणि दोन्ही बाहेरच्या खोलीत भिंतीवर टांगले. एकेक पंख सव्वाचार फुटांचा, त्यामुळे भिंतीवर दुसऱ्या कशाला जागा उरली नाही.

आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्याने कौतुक केलं. वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. निवृत्तीनंतर सल्ला देण्यापलीकडे ते दुसरं काही करत नाहीत, म्हणून आम्ही त्यांना सल्लागार म्हणतो. त्यांनी चष्मा पुसून दोन्ही पंख जवळून पाहिले आणि म्हणाले, "काय सारखे आलेत हो! डावा कुठला नि उजवा कुठला, ओळखून दाखवावं एखाद्याने!"

मी चार दिवस त्याच वाक्यावर तरंगत होतो. पाचव्या दिवशी सासूबाई आल्या. हातातली पिशवी अजून खाली ठेवली नव्हती. बायकोने दिलेलं पाणी उभ्यानेच पिता पिता त्यांनी भिंतीकडे पाहिलं.

"जावईबापू, दोन विमानं करताय का?"

"नाही आई, एकच."

"मग दोन्ही डावे कशाला?"

बायको स्वयंपाकघरात गेली आणि तिथून तिचा हसण्याचा आवाज आला. एरवी ती मला 'अरे' म्हणते, आईसमोर 'अहो' म्हणते; हसताना मात्र ती हा भेद पाळत नाही.

हे विमान मी का करत होतो, असं सगळ्यांनीच विचारलं. जुन्या काळातलं, नाकावर पंखा फिरणारं लढाऊ विमान, टोकापासून टोकापर्यंत नऊ फूट, वजन चौदा किलो, गवत कापायच्या यंत्रात असतं तसलं पेट्रोलचं इंजिन आणि जमिनीवरून रिमोटने उडवायचं. छोटी विमानं मला तीन वर्षांपासून उडवता येत होती. पण बावीस वर्षांत माझ्या हातून एकही वस्तू तयार झाली नव्हती. नाकारलेला दावा ही काही वस्तू नव्हे. आपल्या हातची एक तरी मोठी गोष्ट जमिनीवरून उठावी आणि ती चार माणसांनी मान वर करून बघावी, एवढीच माझी इच्छा होती. ती मी बोलून दाखवत नसे, कारण बोलून दाखवली की ती फार पोरकट वाटते.

सासूबाई आठ दिवसांसाठी आल्या होत्या. त्या सरकारी नोकरीत होत्या, एवढं मला माहीत होतं. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण ती नोकरी म्हणजे नेमकं काय, हे मी कधी विचारलं नव्हतं; कुठल्यातरी कचेरीत फायली लावत असतील, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. त्या दिवशी जेवताना कळलं की या बाई लढाऊ विमानं दुरुस्त करायच्या कारखान्यात एकतीस वर्षं होत्या. हत्यारखाना, म्हणजे पाने-पकडी ठेवायची खोली, त्यांच्या ताब्यात होता. अठरा वर्षं मी या बाईंना विमानाच्या गोष्टी समजावून सांगत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परत येतो, तर माझ्या सगळ्या हत्यारांची उचलबांगडी झालेली. भिंतीवर एक फळी. फळीवर खिळे. प्रत्येक खिळ्यामागे त्या त्या हत्याराची पेन्सिलने काढलेली आकृती, म्हणजे हत्यार जागेवर नसेल तर तिथे त्याची नुसती सावली दिसावी. आणि डब्याच्या झाकणातून कापलेले पत्र्याचे गोल बिल्ले, त्यांवर खिळ्याने ठोकून उठवलेले आकडे.

"हत्यार घेतलं की त्या खिळ्यावर आपला बिल्ला लावायचा," सासूबाई म्हणाल्या. "हत्यार परत आलं की बिल्ला काढायचा. दिवस संपताना एकाही खिळ्यावर बिल्ला दिसता कामा नये. दिसला, तर ते हत्यार सापडेपर्यंत विमान उडत नाही."

"आई, हे घर आहे. इथे मी एकटाच तर काम करतो."

"म्हणून तर. एकटा माणूसच जास्त हरवतो."

मला बिल्ला नंबर दोन मिळाला. हे मला लागलं, खोटं कशाला बोलू? घर माझं, विमान माझं, हत्यारं माझी. मी शक्य तितक्या सहजपणे विचारलं, "एक नंबर कोणाचा?"

"लेकीचा. ती वस्तू जागेवर ठेवते."

तीन नंबर सल्लागारांना मिळाला. त्यांचा काडीचा उपयोग नव्हता, पण ते बिल्ला सदऱ्याच्या खिशात घालून हिंडत आणि जिन्यात भेटणाऱ्याला 'आम्ही विमानाच्या कामावर आहोत' असं सांगत. आठ दिवसांचे तीन महिने झाले. आणि मला कबूल केलं पाहिजे, की त्या तीन महिन्यांत जेवढं काम झालं तेवढं मागच्या वर्षभरात झालं नव्हतं. चिमटा शोधण्यात माझी अर्धी सुट्टी जायची, ती आता जाईना. दोन डाव्यांतला एक पंख मोडून उजवा झाला. सासूबाई शेजारी बसून एकेक स्क्रू वाटीत मोजून देत आणि उरलेले मोजून घेत. विमानाच्या अंगावर पातळ प्लॅस्टिकचं कापड इस्त्रीने चिकटवायचं असतं; ते मी चिकटवलं तर सुरकुत्या पडत, म्हणून ते काम बायकोकडे गेलं. तिने शेपटीपासून नाकापर्यंत अशी इस्त्री फिरवली, की माझ्या शर्टांना तिने इतकी वर्षं काय केलं हा प्रश्न मला पडला. तो मी विचारला नाही.

आता परवानगी. एवढं मोठं विमान उडवायला मोठं मैदान लागतं, आणि मोठ्या मैदानाला कचेरी असते. मी एकटाच गेलो. कारकुनाने अर्ज वाचला.

"प्रयोजन काय लिहिलंय हे? युद्धविमान उडवणे?"

"हो."

"कोणाविरुद्ध?"

मी खुलासा केला. त्याने जाड पुस्तक काढलं. मैदानावर आणायच्या वस्तू तीन प्रकारच्या असतात: खेळणी, वाहनं आणि प्राणी. खेळणं दोन किलोच्या आत हवं. प्राणी नव्हे, याची त्याने माझ्याकडून दोनदा खात्री करून घेतली. उरलं वाहन. वाहनात चालक बसलेला असला पाहिजे, असा नियम होता. आत एक लाकडी वैमानिक बसवलाय, असं मी सांगितलं. त्याने पेन उचललं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "त्याचा परवाना आहे?"

मी चार फेऱ्या मारल्या. पाचव्या फेरीला सासूबाई म्हणाल्या, "मी येते." मला वाटलं, आता तिथे भांडण होणार. त्या भांडल्या नाहीत. खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "तुमचं रजिस्टर बघू."

कारकुनाने का कोण जाणे, निमूटपणे दाखवलं. त्यांनी चार पानं उलटली. "वस्तू आत आल्याची नोंद आहे. बाहेर गेल्याची कुठे आहे?"

"तसा रकाना नाही, बाई."

"म्हणजे आलेलं गेलं की इथेच राहिलं, तुम्हाला कळणार कसं?"

कारकुनाचा चेहरा पडला. सतरा वर्षं तो त्या रजिस्टरपुढे बसला होता आणि हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. सासूबाईंनी पट्टी मागितली, आणखी एक रकाना आखून दिला आणि वर 'परत' असं लिहिलं. मग 'वाहन' खोडून तिथे 'इतर' असा चौथा प्रकार लिहायला लावला. परवानगी मिळाली: रविवार, सकाळी आठ ते नऊ. त्यानंतर मैदान खणून पक्कं बांधकाम होणार होतं, त्यामुळे पुन्हा कधीच नाही. आसपास एवढं दुसरं मैदान नव्हतं. म्हणजे काय ते त्या एका तासात. "मी स्वतः शिट्टी घेऊन हजर राहतो," कारकून म्हणाला. हे तो माझ्याकडे बघून बोलला नाही.

आणि मग मी माती खाल्ली.

आदल्या बुधवारची दुपार. मी रजा घेऊन शेपटीकडचं शेवटचं काम करत होतो. सासूबाई लेकीबरोबर बाहेर गेल्या होत्या. शेपटीच्या पोटात हात घालून स्क्रू आवळले, झाकण लावलं, आणि झाकणावर कापडही माझ्या हाताने इस्त्री करून चिकटवलं. एकही सुरकुती पडली नाही. त्या आनंदात फळीसमोर गेलो, तर सर्वांत छोट्या स्क्रू-ड्रायव्हरच्या खिळ्यावर माझा बिल्ला लटकत होता आणि स्क्रू-ड्रायव्हर कुठेच नव्हता.

मी टेबलाखाली पाहिलं, खिसे पाहिले, केराच्या डब्यात पाहिलं, चपलांच्या कपाटातही पाहिलं. एके ठिकाणी मात्र मी पाहिलं नाही, कारण तिथे पाहायचं तर ते गुळगुळीत कापड फाडावं लागलं असतं. एवढंसं ते हत्यार, ते कशाला आत राहील, असं मी स्वतःला समजावलं. दावा नाकारताना मी जो आवाज लावतो, तोच मी स्वतःशी लावला. मग चप्पल घालून दुकानात गेलो, तसाच पिवळ्या मुठीचा नवा स्क्रू-ड्रायव्हर आणला, खिळ्यावर टांगला आणि बिल्ला काढून खिशात टाकला. संध्याकाळी सासूबाईंनी फळीवरून नजर फिरवली आणि "शाब्बास" म्हणाल्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

रविवार उजाडला. मैदानावर पाऊणशे माणसं जमली होती. माझे साहेब सहकुटुंब आले होते. सल्लागारांनी बिल्ला छातीवर पिनेने टोचला होता आणि ते लोकांना मागे सरकवत होते. पंख जोडले, इंजिनात पेट्रोल भरलं. उन्हात ते विमान असं काही उभं होतं, की माझ्या साहेबांनी तोंडातून "अरे वा" असा शब्द काढला. हा शब्द त्यांच्याकडे असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. पॅव्हेलियनवर परातीएवढं घड्याळ होतं. त्यात आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.

सासूबाई घडीच्या स्टुलावर बसून शेवटची मोजणी करत होत्या. फळी त्यांनी रिक्षातून मांडीवर घेऊन आणली होती. एकेक हत्यार हातात घेत, परत लावत. छोट्या स्क्रू-ड्रायव्हरपाशी त्यांचा हात थांबला. त्यांनी त्याचं टोक अंगठ्याने चाचपलं.

"हा आपला नाही."

"आपलाच आहे की," मी म्हणालो.

"आपल्याचं टोक मी दगडावर घासलं होतं. हे नवं कोरं आहे. जुना कुठे आहे?"

"घरी कुठेतरी असेल, आई."

"'असेल' नावाचा खिळा या फळीवर नाही."

मी इकडे हसलो, तिकडे हसलो. हळू आवाजात म्हणालो, "आई, आता वेळ नाही. पावणेनऊला वारा वाढतो. सगळे बघतायत." त्यांनी स्टूल उचललं, विमानाच्या पंख्यासमोर नेऊन ठेवलं आणि त्यावर बसल्या. पदर खोचून घेतला. आवाज मुळीच चढवला नाही.

"खरं सांगा. कुठे वापरला होतात?"

मी ऐन मैदानात, साहेबांसमोर, बायकोसमोर, बुधवारची सगळी हकीकत सांगितली. नवा स्क्रू-ड्रायव्हर कुठल्या दुकानातून आणला तेही सांगितलं, जसं काही कोणी विचारलंच होतं. मान वर करायची सोय उरली नव्हती. सल्लागार पुढे झाले, शेपूट धरून हलवली, कान लावला आणि जाहीर केलं, "आत काही नाही! वाजत नाही! उडवा बिनधास्त!"

"चाकू," सासूबाई म्हणाल्या.

मी बिल्ला लावला आणि चाकू घेतला. ते कापड मी स्वतः कापलं. तीन दिवस ज्याच्यावरून मी येताजाता हात फिरवत होतो ते कापड. झाकण काढलं. स्क्रू-ड्रायव्हर आतच होता. शेपटीची हलती पट्टी ज्या दांडीने वरखाली होते, तिच्या अंगाला चिकटून पडला होता. कडेला ओघळलेल्या गोंदाने हलका धरला होता, म्हणून वाजत नव्हता. जमिनीवर दांडी मजेत पुढेमागे होत होती. सासूबाईंनी मला विमानाचं नाक वर उचलायला सांगितलं, चढताना असतं तसं. इंजिनाच्या थरथरीने जे झालं असतं ते त्यांनी बोटाच्या टिचकीने केलं. स्क्रू-ड्रायव्हर सुटला, घसरला आणि दांडीच्या सांध्यात असा घट्ट बसला की पट्टी जागची हलेना.

चौदा किलोचं विमान, फिरणारा पंखा, पोटात पेट्रोल. ते जिथून खाली येणार, त्या बाजूला माझी बायको उभी होती, मोबाइल उंच धरून, माझं शूटिंग करायला. मी मटकन खाली गवतात बसलो.

"बसताय काय?" त्या म्हणाल्या. "वीस मिनिटं राहिलीत. झाकण लावा. चिकटपट्टी आहे."

झाकण बसलं. त्यावर खाकी चिकटपट्टीची फुली आली. त्या फुलीसकट आठ चव्वेचाळीसला मी इंजिन सुरू केलं. विमान गवतावरून धावलं, शेपूट उचलली, एकदा टुणकन उडी मारली आणि जमीन सोडली. पाऊणशे माणसांनी मान वर केली. मी ते वळवलं, ते उन्हात चमकलं आणि आमच्या डोक्यावरून असा आवाज करत गेलं, की सल्लागारांना प्रथमच काही सुचलं नाही. त्याहून सुंदर वस्तू मी पाहिलेली नाही. ती मी केली होती. खरं म्हणजे आम्ही केली होती.

आठ बावन्नला चाकं गवताला लागली. टाळ्या पडल्या, साहेबांनी पाठ थोपटली. मी सासूबाईंकडे धावलो. त्या फळीपुढे वाकून बसल्या होत्या.

"आई, कसं उडालं?"

"थांबा. पक्कड राहिलीये. हं. झाली सगळी."

"तुम्ही बघितलं नाही?"

"मी बघत बसले तर मोजणार कोण?" त्यांनी गुडघ्यावर हात टेकून पाठ सरळ केली. "आमच्याकडे असंच. विमान चाचणीला गेलं, की आमची मोजणी सुरू. हत्यारखान्याला खिडकीही नव्हती. नुसता आवाज यायचा. आवाज परत आला की बरं वाटायचं."

"म्हणजे एकतीस वर्षांत..."

"एकही नाही. राहूनच गेलं," त्या म्हणाल्या, दुकानातून मीठ आणायचं राहावं तशा. मग पदराने हात पुसले आणि जरा लाजल्यासारख्या झाल्या. "आता सगळं जागेवर आहे. वेळ उरला असेल, तर पुन्हा एकदा उडवता का? मी बघते."

आठ पंचावन्नला विमान पुन्हा उठलं. या वेळी मी लोकांकडे पाहिलंच नाही. एक डोळा विमानावर आणि एक सासूबाईंवर, असं ते उड्डाण मी केलं. त्या स्टुलावरून उठून उभ्या राहिल्या होत्या. एक हात कपाळावर आडवा धरला होता आणि तोंड थोडं उघडं होतं. विमान डावीकडे गेलं की त्या डावीकडे वळत, उजवीकडे गेलं की उजवीकडे. मी ते खाली आणलं, त्यांच्यासमोरून नेलं, सरळ वर चढवलं. वर गेल्यावर त्यांच्या तोंडून "अगं बाई" एवढंच आलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. पुसायला गेलं तर तेवढ्यात विमान दिसायचं राहिलं असतं.

कारकून शिट्टी तोंडात धरून उभा होता. त्याने एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा सासूबाईंकडे, आणि शिट्टी तोंडातून काढून खिशात घातली.

"जावईबापू, किती वाजले?" वरची नजर न काढता सासूबाईंनी विचारलं.

पॅव्हेलियनवरचं ते परातीएवढं घड्याळ बरोबर त्यांच्यासमोर होतं. त्यात नऊ वाजून चार मिनिटं झाली होती.

"आठ अठ्ठावन्न," मी म्हणालो.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि बघत राहिल्या.